नॅशनलला पैसे द्यायचे कशाला? चॅप्टरच्या ट्रेझररला एका जुन्या मेंबरचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून बीएस करायला आलेला एक मुलगा ओहायोतल्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या फ्रॅटर्निटी चॅप्टरचा (फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांचा एकत्र राहायचा क्लब, चॅप्टर म्हणजे त्याची त्या कॉलेजातली शाखा) ट्रेझरर झालाय. चॅप्टरमधे ४६ मेंबर. नॅशनल फ्रॅटर्निटीला, म्हणजे सगळ्या चॅप्टर्सच्या वरच्या संघटनेला, वर्षाला माणशी ४२५ डॉलर जातात, म्हणजे १९,५५० डॉलर, आणि नवीन मुलं आत घेताना त्यांची इनिशिएशन फी वेगळी. मुलं म्हणतात की नॅशनलवाले वर्षातून एकदा कोणीतरी पोरगा पाठवतात, तो सोफ्यावर झोपतो आणि रिपोर्ट लिहून जातो, एवढ्यासाठी वीस हजार कशाला, आपण अॅफिलिएशन, म्हणजे नॅशनलशी असलेलं नातं, सोडून लोकल होऊ, आपलं आपण स्वतंत्र चालवू. पुढच्या महिन्यात व्होटिंग आहे आणि त्याला विचारायचंय, "काका, खरंच काही फायदा असतो का?"

आधी मी कोण ते सांगतो. मी १९९५ ला डोंबिवलीहून इथे आलो आणि फ्रॅटर्निटीत शिरलो ते निव्वळ भाडं परवडत होतं म्हणून. डॉर्म महाग होतं, या घरात खोली, जेवण आणि पार्किंग मिळून त्याहून स्वस्त. आईला मी शेवटपर्यंत "होस्टेल" एवढंच सांगितलं होतं. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आणि एका अल्युम्नाय, म्हणजे जुन्या मेंबरांच्या, मीटिंगला समोसे खायला म्हणून गेलो तर हाउस कॉर्पोरेशनचा, म्हणजे घर सांभाळणाऱ्या त्यांच्या संस्थेचा, ट्रेझरर होऊनच परत आलो. ते १७ वर्षं केलं, मधे चार वर्षं चॅप्टर अॅडव्हायझरही होतो. तेव्हा जे सांगतोय ते बहुतेक हात पोळून शिकलेलं आहे.

तर अरे, पहिली गोष्ट, तुमच्या गणितातच घोळ आहे. ४२५ हा आकडा एक नाहीये. तुझं इन्व्हॉइस काढ आणि खालच्या ओळी नीट वाच, तिथे नॅशनल ड्यूज म्हणजे वर्गणी वेगळी आणि लायबिलिटी इन्शुरन्स, म्हणजे कोणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा, वेगळा दाखवलेला असणार. समजा त्यातले २४० इन्शुरन्सचे आणि १८५ ड्यूजचे असं धरलं, तर ११,०४० इन्शुरन्सचे झाले आणि ८,५१० ड्यूजचे. लोकल झालात तरी इन्शुरन्स काही सुटत नाही, कॉलेज सर्टिफिकेट मागणारच, बऱ्याच ठिकाणी दहा लाख डॉलरचं कव्हर दाखवल्याशिवाय इव्हेंटची परवानगी देत नाहीत. म्हणजे तुमचा खरा वाद वीस हजारांवर नाहीये, साडेआठ हजारांवर आहे, आणि तोही जर तुम्हाला इन्शुरन्स त्याच भावात मिळाला तर.

आणि तो मिळत नाही. मी एका दुसऱ्या चॅप्टरसाठी हे करून बघितलंय, त्यांनी नॅशनल सोडायचं ठरवलं होतं आणि मला म्हणाले तुम्ही आकड्यातले आहात, जरा एजंटांना फोन करा. पहिल्या दोघांनी "फ्रॅटर्निटी" शब्द ऐकल्यावर सॉरी म्हणून फोन ठेवला. तिसऱ्याने चाळीस प्रश्नांचा फॉर्म पाठवला, त्यात घराला गच्ची आहे का, गच्चीवर जायचा दरवाजा बंद असतो का, बेसमेंटचे जिने किती असं सगळं होतं. चौथ्याने कोट दिला तो नॅशनलच्या सगळ्या बिलापेक्षा जास्त, आणि शेवटच्या पानावर एक्स्क्लूजन्स बघितली तर दारूशी संबंधित काही घडलं तर कव्हर नाही, मारहाण झाली तर नाही. मग उरलं काय, वीज पडली तर? नॅशनलवाले शेकडो चॅप्टर एकत्र बांधून पॉलिसी घेतात म्हणून त्यांना तो भाव मिळतो. ४६ पोरांच्या एका घराला कोण विचारतंय.

आता याचा अर्थ नॅशनलची पॉलिसी म्हणजे चिलखत आहे असा अजिबात घेऊ नकोस, ही गोष्ट मुलांना कोणीच सांगत नाही. ती पॉलिसी संघटनेला वाचवते, चॅप्टरला वाचवते, घराच्या कॉर्पोरेशनला वाचवते, आणि मेंबरला वाचवते ते तो नियमाप्रमाणे वागत असेल तरच. हेझिंग म्हणजे आपल्याकडचं रॅगिंगच, फक्त इथे ते नवीन मुलांना आत घेताना करतात. त्यात सापडलास, किंवा अल्पवयीन मुलाला दारू दिलीस, की पॉलिसी हात वर करते. मग इथल्या मुलांच्या बाबतीत वकील त्यांच्या आईबापाच्या होमओनर्स इन्शुरन्सकडे वळतात. तुझे आईबाबा पुण्यात. त्यांची इथे कुठली होमओनर्स पॉलिसी? आणि तुझ्या राज्यात २०२१ पासून कॉलिन्स लॉ हा हेझिंगविरोधी कायदा आहे, जबरदस्तीने दारू पाजली आणि मुलाला गंभीर इजा झाली तर फेलनी म्हणजे मोठा फौजदारी गुन्हा लागतो. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर असलेल्या मुलाला फेलनी म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. लोकल असा नाहीतर नॅशनल, हे तुझ्या डोक्यावर तसंच राहतं.

इथेच नॅशनलवर माझा सगळ्यात मोठा राग आहे. बिल पाठवताना तुम्ही आमचे बंधू, आणि खटला उभा राहिला की "चॅप्टर ही स्वतंत्र संस्था आहे, रोजच्या कारभारावर आमचं नियंत्रण नाही." पैसे घ्यायला सख्खे आणि कोर्टात सावत्र. २०१७ मधे पेन स्टेट युनिव्हर्सिटीत टिमोथी पियाझा हा १९ वर्षांचा मुलगा गेला. बीटा थीटा पायचं घर, कागदोपत्री ड्राय म्हणजे दारूबंदी असलेलं, आत अॅडव्हायझर राहायला, भिंतींवर कॅमेरे, घरावर एका जुन्या मेंबरने भरपूर पैसा ओतलेला, म्हणजे बाहेरून बघशील तर आदर्श चॅप्टर. बिड म्हणजे आत येण्याचं आमंत्रण स्वीकारल्याच्या रात्री त्याला भराभर दारू पाजली, तो बेसमेंटच्या जिन्यावरून पडला, आणि अॅम्ब्युलन्सला फोन केला जवळजवळ बारा तासांनी. नॅशनलने नंतर चॅप्टर बंद केला. नंतर. तेव्हा नॅशनल आहे म्हणून आपण सुरक्षित असं कोणी मीटिंगमधे म्हणालं तर त्याला ही गोष्ट सांग.

मग मी नॅशनलच्या बाजूने का बोलतोय? कारण चॅप्टरला स्मरणशक्ती नसते, आणि नॅशनलला असते. बाकी लेटर्स म्हणजे नावाची ग्रीक अक्षरं, बॅज, गुप्त हँडशेक ठीक आहे, मजा असते, पण पैसे खरे त्या स्मरणशक्तीचे आहेत.

बघ ना, चार वर्षांत अख्खं घर बदलतं. आज जो मुलगा व्होटिंगला हात वर करणार आहे तो दोन वर्षांनी सिअॅटलला नोकरीला असेल आणि लोकल होण्याचे परिणाम भोगायला जी मुलं असतील ती आज अकरावी-बारावीत आहेत. आपल्याकडे सोसायटीत निदान जोशीकाका तीस वर्षं तिथेच असतात, लिफ्टचं एएमसी कधी संपतं ते त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतात. चॅप्टरमधे जोशीकाका नसतात. जरा मुरलेला माणूस झाला की तो ग्रॅज्युएट होतो.

आमच्या घराचीच गोष्ट. एका वर्षी बेसमेंटला पाणी भरलं, पाणी उपसणारा संप पंप बंद पडला होता आणि स्प्रिंग ब्रेक असल्यामुळे घरात कोणी नव्हतं. आठवड्याने मुलं आली तर फाइलींची अकरा खोकी भिजून लगदा झालेली. मिनिट्स, मेंबर कार्ड्स, जुने फोटो, घर बांधलं तेव्हाची पावती, सगळं. मी हातात ग्लोव्ह घालून एक एक पान सुटं करायचा प्रयत्न केला, शाई बोटाला लागत होती. त्यानंतर दोन वर्षांत आमचा आकडा घसरून ११ वर आला, रशला, म्हणजे नवीन मेंबर निवडायच्या दिवसांत, मुलंच येईनात, आणि घर चालवायला पैसे नाहीत म्हणून जुन्या मेंबर्सकडे मदत मागायची वेळ आली. पण मागणार कोणाकडे? यादी लगद्यात गेलेली. तेव्हा नॅशनलच्या ऑफिसमधल्या एका बाईंनी, बहुतेक निवृत्तीला आलेल्या, आमच्या चॅप्टरच्या पहिल्या रोल नंबरापासूनची यादी काढून पाठवली, पत्त्यांसकट. त्यातल्या किती जणांचे पत्ते जुने होते, काही जण गेलेले होते, पण साठच्या दशकातल्या एका म्हाताऱ्याने पत्र मिळाल्यावर चार दिवसांत चेक पाठवला आणि सोबत चिठ्ठी, की "घराचं छप्पर आता स्लेटचं आहे की शिंगल लावलं?" तो चेक आणि त्याच्या मागून आलेले बाकीचे, त्यावर आमचा तो हिवाळा निघाला.

त्याच वर्षी, तुमच्याकडे येतो तसा, नॅशनलचा सोफ्यावर झोपणारा पोरगाही आला होता. त्याला लीडरशिप कन्सल्टंट म्हणतात, वय २३, एक बॅकपॅक, भाड्याची गाडी. आमची मुलंही हसली होती. त्याने पहिल्या दिवशी काही लेक्चर दिलं नाही, रोस्टर म्हणजे मेंबरांची यादी मागितली आणि रशचं वेळापत्रक मागितलं, आणि म्हणाला तुम्ही सप्टेंबरमधे दोन आठवडे पोस्टर लावता आणि बाकी वर्षभर झोपता, हेच मी याआधीच्या सहा कॅम्पसवर बघितलंय आणि त्यातले जे सावरले त्यांनी असं असं केलं. बस, एवढंच. पण ही "सहा कॅम्पस" वाली नजर घरात बसलेल्या कोणाकडेच नसते, माझ्याकडेही नव्हती. दोन वर्षांत आम्ही ३० च्या वर गेलो. अर्थात सगळे कन्सल्टंट असे नसतात, नंतरच्या वर्षी आलेला तीन दिवस फोनवरच होता.

उलट बाजूचाही अनुभव सांगतो म्हणजे एकतर्फी वाटणार नाही. वर ज्यांच्यासाठी एजंटांना फोन केले म्हणालो ते चॅप्टर खरोखर लोकल झालं. पहिली चार वर्षं इतकी छान गेली की मला वाटलं आपणच चुकलो, मुलं खूश, ड्यूज कमी, टी-शर्टवर काय छापायचं ते कोणाला विचारायला नको. पाचव्या वर्षी बँकेने अकाउंट अडवलं कारण सह्यांवर असलेले तिघेही ग्रॅज्युएट होऊन गेलेले. ईमेलचा पासवर्ड होता पण कोड जायचा तो एका जुन्या ट्रेझररच्या फोनवर आणि त्याने नंबर बदललेला. टॅक्सचा फॉर्म तीन वर्षं कोणी भरलाच नव्हता कारण तो भरायचा असतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी चोर नव्हतं हां त्यात, सगळी चांगली मुलं. आता ते घर विकलं गेलंय, तिथे अपार्टमेंट आहेत.

टॅक्सचं जरा नीट समजून घे, तू ट्रेझरर आहेस म्हणून. बऱ्याच नॅशनल फ्रॅटर्निटींना आयआरएसकडून, म्हणजे इथल्या इन्कम टॅक्स खात्याकडून, ग्रुप एक्झेम्प्शन म्हणजे सगळ्या चॅप्टर्सना मिळून करमाफी असते आणि चॅप्टर त्याच्या छत्रीखाली ५०१(सी)(७) म्हणजे सोशल क्लब म्हणून करमुक्त असतं. अॅफिलिएशन सोडलं की छत्री गेली, मग १०२४ फॉर्म भरून स्वतःचं स्टेटस घ्यावं लागतं, राज्यात नॉनप्रॉफिट म्हणून नोंदणी वेगळी. वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर ९९०-एन हा अगदी पोस्टकार्डाएवढा ऑनलाइन फॉर्म असतो, दहा मिनिटांचं काम, पण सलग तीन वर्षं चुकलं की स्टेटस आपोआप रद्द. आणि हे नुसतं करापुरतं नाहीये. टायटल नाइन हा कायदा कॉलेजांना मुलगा-मुलगी भेदभाव करू देत नाही, त्यातून सोशल फ्रॅटर्निटींना फक्त मुलांची मेंबरशिप ठेवायची जी सूट आहे ती करमुक्त संस्थांनाच आहे. म्हणजे तो दहा मिनिटांचा फॉर्म विसरलात की फ्रॅटर्निटी म्हणून असण्याचा पायाच डगमगतो. इथला कुठलाही सीए हे समजावून सांगेल, पण विचारायला तर पाहिजे.

आता घर. हा मुद्दा मीटिंगमधे कोणी काढत नाही आणि नेमका इथेच सगळा खेळ असतो. घर कोणाच्या नावावर आहे? मुलांना वाटतं आपलं आहे. बहुतेक ठिकाणी ते अल्युम्नायच्या हाउस कॉर्पोरेशनच्या नावावर असतं, काही ठिकाणी नॅशनलच्या हाउसिंग कंपनीच्या, काही ठिकाणी जमीन कॉलेजची आणि वरचं बांधकाम आपलं. आणि कॉर्पोरेशनच्या नावावर असलं तरी तिच्या बायलॉजमधे बरेचदा एक कलम असतं की चार्टर, म्हणजे नॅशनलने चॅप्टरला दिलेली सनद, संपलं तर मालमत्ता नॅशनलकडे किंवा त्यांच्या फाउंडेशनकडे जाईल. मी आमचं डीड म्हणजे घराचं खरेदीखत बघायला काउंटी रेकॉर्डरच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या नोंदणी ऑफिसात गेलो होतो, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून, तिथल्या माणसाने जाडजूड रजिस्टर काढून दिलं आणि त्यात तिसऱ्या पानावर तीच ओळ. आमच्या बोर्डावरच्या एकालाही ठाऊक नव्हती. नॅशनल सोडायची भाषा करण्याआधी हा कागद वाच, नाहीतर १८५ डॉलर वाचवायला जाल आणि घर घालवून बसाल.

नाव तर जाणारच. लेटर्स, क्रेस्ट, बॅज हे नॅशनलचे ट्रेडमार्क असतात, दारावरची अक्षरं उतरवावी लागतात. जुने मेंबर इथेच बिथरतात, कारण त्यांनी ज्याला शपथ दिली ते नाव गेलं. चेक येणं कमी होतं. अर्थात सगळीकडे नाही.

आणि हो, लोकल होणं म्हणजे दरवेळी मूर्खपणाच असं मला म्हणायचं नाहीये, कारण इतिहासात काही वेळा तेच बरोबर होतं. १९४८ मधे अॅमहर्स्ट कॉलेजच्या फाय कॅपा सायच्या मुलांनी एका काळ्या मुलाला आत घेतलं तर नॅशनलने चॅप्टरच सस्पेंड केलं. मुलं मागे हटली नाहीत, लोकल झाली. डार्टमथ कॉलेजला १९५४ मधे विद्यार्थ्यांनी मत देऊन ठरवलं की ज्या नॅशनलच्या घटनेत गोऱ्यांपुरतीच अशी कलमं आहेत त्यांना १९६० पर्यंत ती काढायला लावा, नाहीतर नॅशनल सोडा. त्यातून सिग्मा कायच्या चॅप्टरचं टॅबर्ड नावाचं लोकल घर झालं, डेल्टा टाऊ डेल्टाचं बोन्स गेट झालं, आणि ही दोन्ही नावं आजही तिथे आहेत. सिग्मा नूचं चॅप्टर तर बाहेर पडून १९८० च्या दशकात परत नॅशनलमधे गेलं. आपल्यासारख्या रंगाच्या माणसाने हे विसरू नये, आज मी ज्या नॅशनलची तरफदारी करतोय तिने साठ-सत्तर वर्षांपूर्वी मला दारात उभं केलं नसतं. असं काही कारण असेल तर मी स्वतः अक्षरं उतरवायला शिडी धरीन. पण तुमचं कारण टी-शर्टची परवानगी आणि ८,५१० डॉलर आहे.

त्याच डार्टमथला अल्फा डेल्टा हे घर १९६९ पासून लोकल होतं. चांगलं जोरात चाललेलं, पैसेवाले अल्युम्नाय, मोक्याची जागा. नवीन मुलांना अंगावर डाग दिल्याचं बाहेर आलं आणि २०१५ मधे कॉलेजने मान्यता काढली. मान्यता गेल्यावर तिथल्या हॅनोव्हर गावाच्या झोनिंगप्रमाणे, म्हणजे जागेच्या वापराच्या नियमांप्रमाणे, त्या घरात विद्यार्थी राहणंच बंद. नॅशनल असती तर डाग दिले गेले नसते असं मी म्हणत नाही, पेन स्टेटचं वर सांगितलंच. पण नॅशनलचं चॅप्टर बंद झालं तर चार-पाच वर्षांनी, सगळी जुनी मुलं गेल्यावर, तेच नाव घेऊन नवीन मुलांसह परत उभं करतात, त्यासाठी त्यांच्याकडे पगारी माणसं असतात. लोकल एकदा गेलं की परत कोण आणणार? कॉलेजकडे बोलायला जाईल असा कोणी उरतच नाही.

आणखी एक गल्लत तुझ्या मेसेजमधे दिसली, कॉलेजची मान्यता आणि नॅशनलचं अॅफिलिएशन तुम्ही एकच धरताय. ती दोन वेगळी लग्नं आहेत. कोलोराडोच्या बोल्डर युनिव्हर्सिटीत २००५ मधे, ड्यूक युनिव्हर्सिटीत २०२१ मधे फ्रॅटर्निटींनी युनिव्हर्सिटीशी संबंध तोडले पण नॅशनल ठेवली आणि स्वतःची इंटरफ्रॅटर्निटी काउन्सिल, म्हणजे फ्रॅटर्निटींची एकत्र परिषद, केली. वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत २०१८ मधे असं केलेल्या चॅप्टर्सना युनिव्हर्सिटीने दहा वर्षं परत यायला बंदी घातली. तुमचं उलटं आहे, नॅशनल सोडून कॉलेज ठेवायचंय. मग आधी कॉलेजच्या ग्रीक लाइफ ऑफिसला, म्हणजे फ्रॅटर्निटींचं काम बघणाऱ्या ऑफिसला, लेखी विचार की लोकल घराला मान्यता देता का, कारण कितीतरी कॉलेजं नॅशनल अॅफिलिएशनशिवाय घरात घेतच नाहीत. याचं उत्तर "नाही" असेल तर पुढचं सगळं व्होटिंग वगैरे चहा पिण्यापुरतं आहे.

एक मजेशीर गोष्ट बघ. आपली देशी मुलं बरोबर उलट्या दिशेने गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनला १९९४ मधे आयोटा नू डेल्टा, टेक्सासच्या ऑस्टिनला १९९८ मधे डेल्टा एप्सिलॉन साय, यूसीएलएला १९९९ मधे बीटा काय थीटा, या सगळ्या एका कॅम्पसवर मूठभर साउथ एशियन मुलांनी सुरू केल्या आणि नंतर दुसऱ्या कॅम्पसवर चॅप्टर काढत काढत नॅशनल झाल्या. इंडियन स्टुडंट्स असोसिएशन तर सगळीकडे होती, दिवाळी-गरबा होत होताच, तरी त्यांना हा खटाटोप का करावासा वाटला? मला वाटतं, असोसिएशनमधे कमिटी बदलली की शून्यापासून सुरुवात, हे त्यांनी बघितलं होतं. माझ्या गावच्या महाराष्ट्र मंडळात मी तेच बघतो, नवीन कमिटी आली की गणपतीचं डेकोरेशन कुठल्या गॅरेजमधे आहे यावर तीन आठवडे फोनाफोनी. बृहन्महाराष्ट्र मंडळ वर आहे, दोन वर्षांनी अधिवेशन होतं, पण ते सैल नातं आहे, मंडळाने सोडलं तर कोणी नाव काढून घेत नाही. फ्रॅटर्निटीत तसं नाही, तिथे चार्टर भिंतीवर असतं पण मालकी त्यांची.

मग सोडावं कधी? माझा एक साधा हिशोब आहे. जुलै महिन्यात, घरात मुलं नसताना, मध्यरात्री पाइप फुटला तर गाडी काढून येतील असे तुमचे किती अल्युम्नाय आहेत? फेसबुकवर लाइक देणारे नकोत. गाडी काढून येणारे. पाच-सहा असतील, घर स्वच्छपणे त्यांच्या कॉर्पोरेशनच्या नावावर असेल, कॉलेज लोकलला मान्यता देत असेल, आणि कोणी सीए-वकील फुकटात काम करायला तयार असेल, तर लोकल होऊन सुखाने राहाल, अशी घरं मी बघितली आहेत, त्यातली काही शंभर वर्षांची आहेत. त्यांच्याकडे स्मरणशक्ती स्वतःची आहे, त्यांना विकत घ्यायची गरज नाही. तुमच्या अल्युम्नाय बोर्डावर किती आहेत ते तूच लिहिलंस, दोन, त्यातला एक फ्लोरिडाला.

तोपर्यंत नॅशनलकडून वसूल करायला शिका ना, पैसे भरताय तर. रोस्टर बघ आधी. बिल त्यांच्याकडे त्या तारखेला जेवढी नावं आहेत त्यावर येतं, आणि मी बघितलेल्या प्रत्येक चॅप्टरमधे ग्रॅज्युएट झालेल्या, कॉलेज सोडून गेलेल्या मुलांची नावं तशीच पडलेली असतात. आमच्याकडे एकदा सात भुतं निघाली. सात गुणिले ४२५ म्हणजे २,९७५ डॉलर, त्यात तुमचं रशचं जेवण निघेल. फाउंडेशनच्या स्कॉलरशिपला कोणी अर्ज केलाय का? घरात दारू ठेवायची नाही असं ठरवलंत तर इन्शुरन्समधे सवलत मिळते का ते विचार. फाय डेल्टा थीटाने २००० सालापासून सगळी घरं ड्राय केली तेव्हा सगळे हसले होते, त्यांचे क्लेम्स कमी झाले आणि प्रीमियमही. आणि नॅशनलच्या कन्व्हेन्शनला म्हणजे अधिवेशनाला डेलिगेट पाठवा, चॅप्टरला तिथे मत असतं, ड्यूज वाढवायचा ठराव तिथेच पास होतो आणि तुमची खुर्ची रिकामी असते.

आता तू काय कर, व्होटिंग एक महिना पुढे ढकल, त्याला कोणी हरकत घेणार नाही कारण फायनल्स आहेत. या शनिवारी रोस्टर आणि मागच्या दोन वर्षांची इन्व्हॉइसं घेऊन बस. सोमवारी काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून डीड शोध, नाही सापडलं तर जाऊन ये, दोन-चार डॉलरात कॉपी देतात. आणि ती जुनी खोकी बेसमेंटमधे असतील तर आधी वर आण, पावसाळा नसला तरी तुमच्याकडचे जुने पंप काही सांगता येत नाहीत. डीडचं तिसरं पान मला फोटो काढून पाठव, मग फोनवर बोलू, रात्री नऊनंतर कर, तेव्हा जेवणं झालेली असतात.